फोटोत पाय दिसायला हवेत

ईशा, ये गं, अशी माझ्याजवळ येऊन बस. बसलीस असं धरूनच लिहितेय, खरी येशील तेव्हा येशील. पण आधी जरा ओरडणार आहे तुला, आणि ते ऐकून घ्यायचंस. गेल्या दिवाळीत तू आलीस, सोफ्यावर मांडी घालून बसलीस, आणि मी आत करंज्या तळत होते तर तिथूनच फोन धरून, दोन बोटं फाकवून माझा फोटो काढलास. मग नाचत दाखवायला आलीस, "आजी, बघ, झूम करून काढला, तुला कळलंसुद्धा नाही!" फोटो बरा होता. कपाळावरचा घाम, नाकातली चमकी, झाऱ्यावरून ठिबकणारं तूप, सगळं आलं होतं. पण ते "कळलंसुद्धा नाही" तू अशा कौतुकानं म्हणालीस की मी पाठ फिरवून पुन्हा कढईकडे वळले. तू आईला हळूच विचारलंस, आजीला राग आला का. राग नव्हता गं. राग येतो नि जातो. ही शिसारी होती, फार जुनी, आणि ती तुझी नव्हतीच. उठून आत आली असतीस तर काय झालं असतं? तूप उडालं असतं हातावर एखादा थेंब. आणि मी तुझ्याकडे बघून हसले असते, ते फोटोत आलं असतं.

आमच्या पूनम सागर सोसायटीत खिडकी उघडली की समोर खिडक्याच. परवा खाली एका बाईचं रिक्षावाल्याशी भांडण झालं, काय झालं होतं कोण जाणे, पण ती रस्त्यात उभी राहून रडत होती. मी वरून बघितलं तर समोरच्या विंगच्या ग्रिलांमधून हात बाहेर आलेले, हातात फोन. एक माणूस खाली उतरला नाही. लिफ्ट चालू होती, बरं का. माझे गुडघे मला खाली घेऊन जाईपर्यंत ती निघून गेली, आणि संध्याकाळी तिचं ते नाक गळणारं तोंड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, त्याच्याखाली हसणाऱ्या पिवळ्या गोट्या. मला जेवण गेलं नाही. तुझा मामा म्हणाला, "आई, तू फार मनाला लावून घेतेस, सगळेच काढतात." सगळेच काढतात, हे ठाऊक आहे मला. झूम म्हणजे काय ते मी तुझी आई जन्मायच्याही आधी शिकले, भाईंदरच्या एका गच्चीवर, आणि शिकवणारा माणूस फार छान शिकवायचा. हे सांगताना जीभ कडू होते, पण खोटं कशाला बोलू.

आम्ही लालबाग सोडून भाईंदर पूर्वेला राहायला आलो तेव्हा आमची बिल्डिंग म्हणजे गल्लीतलं शेवटचं पक्कं बांधकाम. गेटपासून गल्ली नाकासमोर सरळ जायची आणि एकदम मिठागराच्या बांधावर संपायची. पुढे नुसती चमचमणारी वाफ्यांची पाटी, आणि मध्ये मिठाचे पांढरे ढीग. दोन खोल्या, आम्ही चौघं. दादा म्हणजे माझे वडील, छापखान्यात होते, त्यांची नखं कायम काळी. आई, मी, आणि दादांची धाकटी बहीण, इंदूआत्या. आत्या रत्नागिरीकडून आमच्याकडे आली ती एक ट्रंक आणि पाटा घेऊन. पाटा! "तुमच्या मुंबईचे पाटे गुळगुळीत असतात गो, वाटण घसरतं," म्हणायची. तिचा नवरा बोटीवर नोकरीला गेला तो परत आलाच नाही. आहे म्हणावं तर माणूस दिसत नाही, नाही म्हणावं तर कुणी सांगत नाही. मंगळसूत्र घालायची, पण पदराच्या आत. बुटकी होती, गुटगुटीत, आणि हसायला लागली की अख्खं अंग हलायचं. डाव्या बाजूला एक दात नव्हता, तिथून हवा जाऊन शिट्टीसारखा आवाज यायचा. त्या आवाजानं आमचं घर भरलेलं असायचं, नाहीतर दादा अबोल आणि आई दमलेली.

आत्या सुकी मासळी विकायची. आठवड्यातून दोनदा पश्चिमेला जाऊन बस धरायची आणि समुद्रकाठच्या डोंगरी गावात उतरायची. तिथे मार्था नावाची एक बाई होती, तिच्या बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असायचे. बोंबील कसे वाळत घालतात ठाऊक आहे? एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, इकडे एक लोंबतोय, तिकडे एक. रांगाच्या रांगा. वारा आला की कागद सळसळावा तसा आवाज. आत्या तिथे तासन्‌तास बसून मार्थाबरोबर बोंबील उतरवायची, निवडायची, आणि दोन पिशव्या भरून आणायची. बोंबील, सुकट, कधी बांगडा. भाईंदरच्या रत्नागिरी-रायगडच्या घरांतून तिचा माल जायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र अर्ध्याहून जास्त घरं शाकाहारी, म्हणून पत्र्याच्या डब्यावर डबा, त्यावर चादर, त्यावर ट्रंक. तरी वास तो वास. सेक्रेटरी मेहताभाई जिन्यात नाकाला रुमाल लावून म्हणायचे, "भाभी, आज फिर?" आणि आत्या गोड हसून म्हणायची, "नही भाई, वो तो नाला है." बोंबील भाजायचे असले की खिडकी बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं, आणि आम्ही तिघी धुरात डोळे पुसत स्टोव्हभोवती. वर कच्चा कांदा, कोकमाचं आगळ, गरम भात. आई म्हणायची, "चोरी केल्यासारखं खातोय आपण." आत्या म्हणायची, "चोरीचंच गोड लागतं गो, वहिनी."

वरच्या मजल्यावर दिघे काका. गिरगावातून आलेले, मोठ्या ऑफिसात नोकरी, आणि मेहुण्यानं आखातातून आणून दिलेला कॅमेरा. त्याला हातभर लांब झूमचं भिंग. रविवारी सकाळी ते गच्चीवर स्टँड मांडून बसायचे आणि आम्ही पोरं लांबून बघायचो. मी दहावीनंतर घरीच होते, शिवण शिकत होते म्हणजे सुया मोडत होते. एकदा धीर करून विचारलं, काका, त्यातून काय दिसतं? आणि त्यांनी मला हाकललं नाही. बाजूला सरकून जागा दिली. त्या काळात मला कुणी काही शिकवण्यासाठी सरकून जागा दिलेली मला आठवत नाही, म्हणून मी त्या माणसाला देवच मानायला लागले. ही पण एक लाज.

पहिलाच धडा त्यांनी आमच्याच दोन कळश्यांवर दिला. "शकू, सारख्या दिसणाऱ्या दोन कळश्या आण." आणल्या. एक जवळ ठेवली, दुसरी पाण्याच्या टाकीच्या बाजूला. "आता जवळच्या कळशीपुढे उकिडवी बस आणि बघ." बघितलं तर पुढची कळशी ढोलाएवढी आणि मागची लिंबाएवढी. मग मला गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. दोन विंगांची मिळून लांबलचक गच्ची होती ती. तिथून झूम लावून दाखवलं तर दोन्ही कळश्या जवळपास एकाच मापाच्या, आणि शेजारीशेजारी, जशा काही गप्पा मारतायत. मी डोळा काढून बघितलं, पुन्हा लावला. "काका, मधली गच्ची गेली कुठे?" ते खूश होऊन हसले. "कुठे गेली नाही. तू लांब गेलीस, म्हणून त्या दोघींमधलं अंतर तुझ्या लेखी किरकोळ झालं. हे झूम करत नाही बरं का. झूम फक्त तुकडा कापतो आणि मोठा करून देतो. तू जागची हलली नाहीस तर झूम लाव नाहीतर काढ, माणसं तिथेच राहतात. बदलतं ते तुझ्या पायांनी." नाकाचंही सांगितलं. फार जवळून तोंड टिपलं की नाक बटाट्यासारखं येतं, कारण भिंगाला नाक कानांपेक्षा बरंच जवळ. थोडं मागे जा, नाक जागेवर येतं. फार लांब जा, तोंड ताटासारखं चपटं. आणि शेवटी म्हणाले, "माणसं काढशील तर पाय ठेव. पाय जमिनीला कुठे टेकलेत त्यावरून कळतं कोण कुठे उभं आहे. पाय कापले की अंतर संपलं." मी ते मंत्रासारखं पाठ केलं.

मग आली बिल्डिंगची वार्षिक पूजा. तळमजल्याच्या मोकळ्या जागेत सत्यनारायण, बाजूला हॅलोजन, शिऱ्याचा वास, आणि भिंतीला दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेले दिघे काकांचे फोटो. मोठे मोठे, काळेपांढरे. मिठागर, होड्या, कावळे. आणि मधोमध सगळ्यात मोठा, खाली पांढऱ्या शाईनं सुरेख अक्षरात लिहिलेलं, "किनाऱ्यावरची सोबत". पुढे धूसर बोंबलांच्या जोड्या, आणि त्यांच्या मधल्या फटीतून दिसणारी आमची इंदूआत्या. डोकं मागे टाकून हसतेय, पदर वाऱ्यावर. आणि तिला अगदी खेटून एक पुरुष, बनियनवर, त्याचा हात तिच्या खांद्यावर. कमरेच्या वरचाच फोटो. आत्या तेव्हा शिऱ्याचे द्रोण वाटत होती. द्रोण घेताना बायका तिचा हात चुकवून घ्यायला लागल्या. मेहताबेन फोटोसमोर उभ्या राहून पदराआड काहीतरी पुटपुटल्या. मागे कुणीतरी मराठीतच म्हणालं, "आम्हाला वाटायचं फक्त मासळी आणते." आणि ती हसण्याची पद्धत, ईशा! तोंडातल्या तोंडात, चघळल्यासारखी. माणसं अशी हसायला लागली की त्यांचे दात मला अजूनही दिसतात, शिरा अडकलेले. दिघे काकांना मात्र त्याच संध्याकाळी शाल आणि नारळ दिला. फोटो फार बोलका आहे म्हणे.

घरात दादा पहिल्यांदा एवढं बोलले. बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. "इंदू, उद्यापासून डोंगरी बंद. मेहताभाई म्हणाले, आधीच वासाची तक्रार होती, आता हे. रविवारी तुला गावच्या गाडीत बसवतो."

आत्या सुकट निवडत होती. "भाऊ, मी त्याच्याशी बोललेसुद्धा नाही त्या दिवशी. तो मार्थाचा दीर, इनास. कुठेतरी जाळं शिवत होता."

"फोटोत दिसतंय."

"फोटोत दिसतंय," आत्या म्हणाली, आणि सुकटीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. "आणि गावात मी काय करू? तिथे कोण आहे माझं? दीर घरात घेत नाहीत."

"ते मी बघतो."

बघणार काहीच नव्हते, ते तिघांनाही ठाऊक होतं. आई चुलीकडे, म्हणजे स्टोव्हकडे तोंड करून उभी होती. दोन खोल्यांत माणूस रडायला लागला की लपायला जागा नसते, म्हणून कुणी रडलंच नाही.

मला मात्र ती कमरेवर कापलेली चौकट दिसत होती. पाय कापले की अंतर संपलं. दुसऱ्या दिवशी सुया आणायला जाते सांगून मी एकटी डोंगरीची बस धरली. मार्थाबाईला मी पहिल्यांदाच भेटले. काळी, उंच, गुडघ्यापर्यंत लुगडं, आणि हात मिठानं चिरलेले. फोटोचं सांगितलं तर आधी तिला कळेचना. मग मला हाताला धरून मांडवांच्या रांगेत घेऊन गेली. "ही हय माझ्याजवल व्हती, तुजी आत्या. उबी राहून वरचा बोंबील काढीत व्हती. आन इनास? तो तिकडं, पार त्या टोकाला, जाली शिवत व्हता. सुई वडली की हात असा लांब जातो ना." तिनं सुई ओढून दाखवली, आणि तोच हात, तोच, फोटोतला. मी तिथे उभी राहिले जिथे आत्या होती. इनास होता ती जागा एवढी लांब की तिथून हाक मारली तर वाऱ्यात अर्धी जावी. पण तो ताडमाड आणि आत्या बुटकी, म्हणून लांबून दोघं एका मापाचे झाले, कळश्यांसारखे. "आणि फोटो काढणारा कुठे होता?" मी विचारलं. मार्थाबाईनं समुद्राकडे बोट केलं. वाळूत एक होडी उलटी घातलेली होती. "तो बाबा व्हय? त्या व्हडीच्या आड उकिडवा बसला व्हता, कवाचा. डोकं वर काडी, परत खाली. आमाला वाटलं, पोट बिघडलंय बिचाऱ्याचं. मी म्हटलं, जाऊ दे गो, त्याला पानी नेऊन देऊ का? न्हाय, लाजंल." आणि ती एवढी हसली की मलाही हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्या होडीआड जाऊन उकिडवी बसले. कुजकी शेवाळ, खेकड्यांची बिळं, मासळीचं पाणी. एवढ्या घाणीत एक सुशिक्षित माणूस तासभर बसला, कशासाठी, तर समोरची बाई कळू न देता बघण्यासाठी. घाणीची मला किळस कधीच नव्हती, बोंबलांत वाढलेली मी. त्या बसण्याची किळस आली.

परत आल्यावर मी तडक गच्चीवर. दिघे काका भिंग पुसत होते. पलीकडे दिघे काकू खाली बसून पापड उलटत होत्या, नेहमीप्रमाणे, आणि नेहमीप्रमाणे त्या आहेत हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

"काका, तुम्ही तिथे होतात. इनास कुठे होता नि आत्या कुठे, ते तुम्हाला माहीत आहे."

"आहे की."

"मग सांगा ना सगळ्यांना. मला कळश्यांचं सांगितलंत तसं."

"अगं, मी कुठे म्हटलं ती दोघं जवळ उभी होती?" त्यांनी भिंगावर तोंडाची वाफ सोडली. "लोकांनी तसं बघितलं. बघणाऱ्याच्या डोळ्याला मी काय करू? आणि फोटो समजावून सांगितला की त्यातला जीव जातो."

"पाय कापलेत तुम्ही."

ते असे हसले, जसे काही मी गणित बरोबर सोडवलंय. "हुशार आहेस. पाय ठेवले असते तर त्यात फोटो काय राहिला असता?"

"दादा तिला रविवारी गावी पाठवतायत."

"हं. वाईट झालं." भिंगावर बोट गोल गोल फिरत होतं, फडक्यातून, सावकाश. "चेहरा मात्र छान येतो हं तुझ्या आत्याचा. अजून आहेत माझ्याकडे तीन-चार."

ती वाफ, ते बोट, ते "छान येतो हं". आजही कुणी चष्मा असा पुसायला लागला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. तुझ्या आजोबांना कधी कळलं नाही का ते.

रविवारी सकाळी टँकर आला. टँकर म्हणजे बिल्डिंगमधलं प्रत्येक माणूस खाली, बादल्या, कळश्या, पिंपं, भांडणं. आमच्या दारात आत्याची ट्रंक बांधून तयार होती, दुपारची गाडी होती. मी बादली घेऊन निघाले तर जिन्यात दिघे काकू. त्यांच्या खांद्याला तो कॅमेऱ्याचा जड थैला, काखेत स्टँड. पापड लाटून लाटून पुढे वाकलेली बाई, तिरकी झाली होती त्या वजनानं. "कपाटाची किल्ली माझ्याच जुडग्यात असते," म्हणाल्या. "तीन-चार नव्हेत गं, खोकंभर आहेत. तुझी आत्या, टँकरवर भांडणाऱ्या बायका, मिठागरात वाकलेल्या बायका. सगळ्या लांबून." खांद्यावरचा पट्टा उतरवला. "माझा एक नाही." आणि थैला माझ्या हातात दिला. "तुला येतं ना? मग दाखव यांना. मी कुठे उभी राहू सांग."

मी गल्लीच्या टोकाला, मिठागराच्या बांधाजवळ स्टँड लावला. काकूंना सांगितलं, गल्लीत मध्यावर उभ्या राहा, बादली घेऊन. मागे लांब गेटपाशी मेहताभाई हात पसरून टँकरला मागे घेत होते, "आने दो, आने दो!" मेहताभाई उंच, काकू बुटक्या. मी भिंग पुढे सरकवलं, पाय चौकटीबाहेर काढले, आणि काकूंना हातानं खूण केली, जरा डावीकडे. बसलं. मी ओरडले, "या, बघा!" आधी कुणी येईना. पाणी कोण सोडतं? मग पोरं आली, मग एक बाई, आणि तिनं डोळा लावताच "अय्या!" करून तोंडावर हात मारला, तशी रांग लागली, पाण्यापेक्षा मोठी. मेहताबेन आल्या. वाकल्या. आणि वाकलेल्याच राहिल्या. "आ शुं?" त्यांचा आवाज चढला. "तमारो हाथ काकीना खभा पर!" म्हणजे तुमचा हात काकूंच्या खांद्यावर.

मेहताभाई तिकडून, "क्या हुआ?"

"हाथ नीचे करो पहले!"

"अरे, मैं टँकर को रिवर्स दे रहा हूँ!"

गल्ली फुटली हसून. मेहताभाई धावत आले, स्वतःच्या जागी दुसऱ्याला उभं करून त्यांनी बघितलं, भिंगातून, मग नुसत्या डोळ्यांनी, मग पुन्हा भिंगातून. दादाही आले. त्यांनी फार वेळ बघितलं. मान वर केली तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. तेवढ्यात दिघे काका बनियनवरच खाली आले. मला वाटलं, आता हा माणूस मेल्याहून मेला होईल. छे! त्यांनी परिस्थिती बघितली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "मीच शिकवलंय हिला. माझी शिष्या आहे." आणि लोकांनी माना डोलावल्या, कौतुकानं! मी तो हात झटकला, पण ते कुणी बघितलं नाही. खांदा मी नंतर साबणानं धुतला, खरखरीत काथ्या घेऊन.

सगळे मजेत होते. ज्यांनी द्रोण घेताना हात चुकवला त्याच बायका आता आत्याची बादली उचलायला लागल्या. मेहताभाई म्हणाले, "गलतफहमी थी भाभी, खतम. आप तो अपने ही घर की हो." दादा म्हणाले, "इंदू, ट्रंक सोड. निघाला गैरसमज." आत्या बिल्डिंगच्या पायरीवर उभी होती. तिनं आधी दिघे काकांकडे बघितलं.

"दिघे, मी फोटोत कशाला हसतेय ठाऊक आहे? मार्था म्हणाली, होडीच्या आड एक म्हातारा बसलाय जुलाब लागून. तुम्हाला हसत होते हो मी."

दिघे काकू फिसकन हसल्या. पहिल्यांदा ऐकलं मी त्यांचं हसणं. काका जिन्याकडे वळले.

मग आत्या दादांकडे वळली, आणि हळू आवाजात, भांडणाचा सूरही नाही, विचारलं, "आणि असते उभी त्याच्याजवळ, तर?"

टँकरचा पाईप तसाच वाहत होता.

"असता त्याचा हात खांद्यावर, तर रे भाऊ? तर आज मी गाडीत असते ना?"

दादांनी खाली बघितलं. मला वाटलं होतं मी तिला सोडवलं. आणि ती विचारत होती ते भिंगातून दाखवता येण्यासारखं नव्हतं. तिनं ट्रंक सोडली नाही. गावची गाडीही धरली नाही. रिक्षा बोलावली, ट्रंक आणि पाटा आत ठेवला, आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "डोंगरी." आई रडत रडत मागून मासळीचा डबा घेऊन धावली. मार्थाच्या घरामागे एक खोली होती, तिथे आत्या राहिली, शेवटपर्यंत, स्वतःच्या बांबूंवर स्वतःचे बोंबील वाळवत. तिचं आणि इनासचं पुढे काय झालं, की काहीच झालं नाही, हे तुझ्या आईनंही मला विचारलंय. मी सांगत नाही. ज्याला जाणून घ्यायचं होतं त्यानं तिच्या दारात जाऊन, चहा पिऊन, तिच्या तोंडावर विचारावं. आमच्या बिल्डिंगमधलं कुणी कधी गेलं नाही. दादा गेले, फार उशिरा, आणि बोंबलाचं कालवण जेवून आले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही.

मी पुढे कॅबिन रोडवरच्या एका स्टुडिओत कामाला लागले, ते तुला माहीत आहे. बारशी, मुंजी, पासपोर्ट. झूमचं भिंग तिथेही होतं. मी लांबच्या कामाला वापरायचीही, यंत्राचा काय दोष? पण माणसाचं तोंड काढायचं तर आधी जवळ जायचं, नाव विचारायचं, त्यानं मला बघितलं की मगच. स्टुडिओचा मालक चिडायचा, म्हणायचा, लोकांची नाकं मोठी येतात तुझ्या हातून.

स्टुडिओचा साधा कॅमेरा घेऊन मी एकदा आत्याकडे गेले. इतक्या जवळ उभी राहिले की ती म्हणाली, "शकू गो, तोंडात शिरतेस काय?" तो तिचा फोटो माझ्या पलंगाच्या वर आहे. नाक खरंच बटाट्यासारखं आलंय, दातातली फट दिसतेय. एक तोंडाचा, आणि शेजारी दुसरा उभा, डोक्यापासून पायापर्यंत, पायाला मासळीचे खवले चिकटलेले, वाळूत घट्ट रोवलेले. ती कुठे उभी आहे हे त्यात कुणालाही कळतं.

तू परवा फोनवर म्हणालीस, आजी, त्या फोटोचा फोटो काढून पाठव. नाही पाठवणार. तू बोटं फाकवून तिचं नाक मोठं करशील आणि हसशील, आणि मला ते इथून दिसणार नाही. डोंगरीहून कालच सुके बोंबील आणलेत, वांगं घालून करीन, खिडक्या सताड उघड्या टाकून. तो फोटो भिंतीवरून काढून तुझ्या हातात देईन. फोन चार्जिंगला लावून ये. या शनिवारी जमतंय का बघ, नाहीतर पुढच्या. पण ये गं लवकर.